दोन झाकणं

जुलैचा तिसरा आठवडा होता. पावसाने दोन दिवस उसंत दिली म्हणून कल्टार घालायच्या आधी कलमांखालचं रान मारून घ्यायचा बेत होता. कल्टार म्हणजे आंब्याला मोहोर लवकर यावा म्हणून घालायचं औषध. आमच्याकडे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते घालतात. ते बुंध्याभोवती मातीत जातं, त्यामुळे तिथलं गवत आधी साफ लागतं, नाहीतर महागाचं औषध गवताला पाजल्यासारखं. देवगडजवळची आमची बाग म्हणजे कातळाच्या उतारावरची एकशेवीस कलमं. गडी ग्रासकटर खांद्याला लावून तिसऱ्या ओळीत शिरला होता आणि मी पडवीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. डोंबिवली सुटली तरी नोकरी सुटलेली नाही.

ग्रासकटरच्या आवाजाची सवय झाली की तो ऐकू येईनासा होतो. मला तो ऐकू आला बदलला तेव्हा. एकसारखा घोंघावणारा सूर आधी चढला, पातळ झाला, मग कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखा उतरत गेला आणि थांबला. एरवी मशीन बंद पडलं की दोन-तीनदा दोरी ओढल्याचा आवाज येतो. तो आला नाही. पाच मिनिटांनी गडीच आला, भिजलेल्या गवताची हिरवी नक्षी गुडघ्यापर्यंत घेऊन.

"दादा, मशीनान पकडल्यान."

मी दोरी ओढून पाहिली. हलली नाही. भिंतीतला खुंटा ओढावा तसं. तासाभराने इंजिन थंड झालं तेव्हा दोरी आली, पण खरखरत, वाळूवरून पत्रा ओढल्यासारखी. तेव्हाच पोटात गोळा आला. मशीन जेमतेम दुसऱ्या पावसाळ्यातलं.

मेस्त्रींकडे नेलं. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. आत निम्म्या जागेत होड्यांची आउटबोर्ड मशिनं, निम्म्या जागेत फवारणीचे पंप आणि ग्रासकटर, आणि बाकावर कायम कुणीतरी बसलेलं. मी समजत होतो आता इंजिन पूर्ण खोलतील. त्यांनी फक्त सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले, तो बाजूला केला आणि मागे जे चौकोनी भोक दिसतं त्यात बॅटरीचा उजेड टाकला. धूर बाहेर पडायची ती वाट, तिच्यातून पिस्टनची एक बाजू दिसते. पिस्टन गुळगुळीत, राखाडी दिसायला हवा. आमच्या पिस्टनवर उभे ओरखडे होते, मांजराने दार ओरबाडावं तसे, आणि रिंग तिच्या खाचेत चिकटून बसली होती.

"तेल किती घालतास?"

"लिटरला दोन झाकणं," मी ठामपणे म्हणालो. हे मला पाठ होतं. मॅन्युअलमध्ये ५०:१ लिहिलं आहे, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिली. पहिल्या वर्षी मी स्वतः मोजून बघितलं होतं, बाटलीच्या झाकणात बरोबर १० मिली मावायचं. दोन झाकणं. गड्यालाही तेच शिकवलं.

"खंयच्या बाटलीची झाकणा?"

या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, कारण विचारताक्षणीच ते मला सापडलं होतं. मे महिन्यात जुनी बाटली संपली. नवीन आणली ती दुसऱ्या ब्रँडची, तेल चांगलं, लेबल तपासून घेतलेलं. मापासाठी झाकण मात्र तिचंच वापरलं जात होतं. मेस्त्रींनी फळीवरून तसलीच एक बाटली काढली, खणातून इंजेक्शनची सिरिंज काढली आणि झाकण भरून माझ्यासमोर मोजलं. सहा मिलीला थोडं कमी.

दोन झाकणं म्हणजे बारा मिली. ५०:१ ऐवजी ऐंशीच्या वर. आणि तेही गड्याने झाकण काठोकाठ भरलं असेल तर. पावसात, उभ्या-उभ्या, एका हातात कॅन धरून कोण काठोकाठ भरतो?

"मशीनाचा काय चुकला नाय," मेस्त्री म्हणाले, "झाकण चुकला." बाकावरचे दोघे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार.

मला इंजिनातलं फारसं कळत नव्हतं, पण त्या अर्ध्या तासात बरंच कळलं. आमच्या फवारणीच्या एचटीपी पंपाला फोर-स्ट्रोक इंजिन आहे. त्याच्या पोटात तळाला तेल वेगळं भरलेलं असतं, ते फिरून फिरून सगळ्या भागांना लागतं आणि पुन्हा खाली येतं. पेट्रोलचा त्याच्याशी संबंध नाही. ग्रासकटरचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला असं पोटच नाही. तिथे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या डब्यात शिरतं, पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर जळायला जातं. म्हणजे पेट्रोलचा प्रत्येक घोट बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन यांच्या अंगावरूनच पुढे जातो. त्याने सोबत तेल आणलं तर तेल मिळालं. नाही आणलं तर वरून घालायला दुसरी वाट नाही. आणि जे तेल एकदा वर गेलं ते जळून धुरातून गेलं, परत यायचं नाही. तळहातावर मावेल एवढा पिस्टन मिनिटाला सात-आठ हजार वेळा वरखाली करतो, सेकंदाला सव्वाशे वेळा. मध्ये तेलाचा पापुद्रा आहे तोवर ठीक. तो फाटला की अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरच्या भिंतीला चोळला जातो. धूर बाहेर पडतो ती बाजू सर्वात गरम, म्हणून ओरखडे आधी तिथे. ते पाहायला मेस्त्रींना इंजिन खोलावं लागलं नाही ते त्यामुळेच.

जुन्या इंजिनांचा ओतीव लोखंडाचा सिलिंडर असला तर तो बोअर करून मोठा पिस्टन बसवता येतो. आमच्या ग्रासकटरच्या सिलिंडरला आतून कडक पातळ मुलामा आहे. एकदा तो खरवडला की बोअर नाही, सरळ नवीन ब्लॉक. ब्लॉक-पिस्टन सेट आणि मजुरी मिळून तीन हजारांना थोडे कमी, आणि सेट यायला नऊ दिवस. नऊ दिवसांत पाऊस पुन्हा लागला. बुंध्याभोवतीचं रान दोघा माणसांकडून कोयत्याने बेणून घेतलं, त्याची मजुरी ब्लॉकपेक्षा जास्त झाली. आठ मिली तेलाचा हा हिशेब मी पुढे बऱ्याच जणांना ऐकवला. आधी बायकोने मला ऐकवला.

मशीन परत आलं तेव्हा मेस्त्रींनी सांगितलं होतं, नवीन पिस्टन आहे, पहिली एक-दोन टाकी पूर्ण थ्रॉटल देऊन दाबू नका, तेल थोडं जास्त चालेल. 'थोडं जास्त' हे शब्द भाजलेल्या माणसाला सांगू नयेत. मी लिटरला ६० मिली घालायला लागलो. गडी एवढ्या उदारपणे तेल ओतताना बघून खूश झाला. पहिल्याच दिवशी बागेत एवढा धूर झाला की परसात आंबोळ्या करणारी काकी बाहेर येऊन म्हणाली, "तेलाचो धूर सगळो घरात इलो रे!" तिसऱ्या दिवशी मशीन सुरू होईना. प्लग काढला तर काळा, ओला, बोट लावलं तर शाईच्या दौतीतून काढल्यासारखा. पुसून लावला, सुरू झालं, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. सायलेन्सरच्या सांध्यातून काळं पाणी ठिबकत होतं.

जास्त तेल म्हणजे जास्त काळजी अशी माझी समजूत होती. पण न जळलेलं तेल प्लगवर बसतं, काजळी होऊन धूर जायच्या वाटेवर आणि सायलेन्सरच्या बारीक जाळीत साठतं, आणि इंजिनचा श्वास कोंडतो. शिवाय कार्ब्युरेटरच्या जेटमधून ठरावीक द्रवच जाणार. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा तेवढा कमी. फरक थोडा असतो, पण तेल वाढवून इंजिन थंड राहील ही आशा उलटी पडते ती अशी. प्लग नाचणीच्या भाकरीच्या रंगाचा हवा, असं मला एका तांडेलाने सांगितलं, आणि यापेक्षा नेमकं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही. काळा-ओला म्हणजे तेल जास्त किंवा चोक लागून राहिलेला. पांढरट, भाजल्यासारखा म्हणजे इंजिन तापतंय, थांबवा आणि कारण शोधा.

त्या तांडेलाचं सांगायला हवं, कारण पुढची चूक त्याच्यामुळे होता होता वाचली. तो खाडीच्या तोंडाशी राहतो, त्याच्या होडीला टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे. त्या मशिनांचंही तेल मिसळूनच. त्याच्याकडची आधीची मशिनं पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायची, तेव्हा रॉकेलातही तेल घालावंच लागे. त्याच्या पडवीत तेलाचा मोठा कॅन असतो. आमचा गडी त्याचा नातेवाईक. बाटली संपली तेव्हा गडी म्हणाला, आणतो त्याच्याकडून अर्धा लिटर, तेही टू-स्ट्रोकचंच आहे. तांडेलानेच दिलं नाही. "ह्यां पाण्यातल्या मशीनाचा," म्हणाला, "तुमचा वाऱ्यार चलता."

मी लेबलं वाचायला लागलो ते तेव्हापासून. आउटबोर्डच्या तेलावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं असतं. ते मशीन समुद्राच्या पाण्याने थंड होतं, त्याचा सिलिंडर तेवढा तापत नाही, म्हणून त्या तेलात राख न सोडणारी रसायनं असतात. ग्रासकटर हवेवर थंड होतो, तोही गवताचा भुगा पंख्यात अडकलेला असताना. त्याला जास्त तापमान झेलणारं तेल लागतं. त्याच्या बाटलीवर जेएएसओ एफबी, एफसी किंवा एफडी अशी अक्षरं असतात. त्यातलं शेवटचं अक्षर जितकं पुढचं तितकं तेल स्वच्छ जळणारं, काजळी आणि धूर कमी. आमच्या मॅन्युअलमध्ये ५०:१ लिहिलंय ते एफडी तेल धरून. हे मी आधी वाचलंच नव्हतं. आकडा वाचला, त्यापुढची ओळ सोडली. काही मशिनांच्या पुस्तिकेत सरळ दोन आकडे असतात, कंपनीचं तेल असेल तर ५०:१, साधं असेल तर २५:१. स्वस्तातल्या मशिनांवर टाकीच्या झाकणावरच २५:१ छापलेलं असतं. तेव्हा शेजाऱ्याचं प्रमाण शेजाऱ्याला, आपल्या मशीनचं पुस्तक उघडायचं.

मोटरसायकलचं इंजिन ऑइल, म्हणजे २०डब्ल्यू४० वगैरे, ते तर नाहीच. ते जळण्यासाठी बनवलेलंच नाही. पेट्रोलात नीट विरघळत नाही आणि जळून राख मागे ठेवतं. गावात अजून घालणारे आहेत, 'काही होत नाही' म्हणतात, आणि खरंच महिनाभर काही होत नाही.

काकांना ही सगळी धडपड बघून गंमत वाटत होती. त्यांच्याकडे चेतक होती, ती मांगरात चाकं जमिनीत रुतवून उभी आहे. "आम्ही कधी सिरिंज आणली नाही," ते म्हणाले. त्यांच्या वेळी पंपावरच टू-टीचं, म्हणजे टू-स्ट्रोकच्या तेलाचं, वेगळं यंत्र असे. पंपवाला पेट्रोलाबरोबर मोजून तेल सोडायचा, किंवा काचेच्या मापातून ओतायचा. मग काका स्टँडवरून स्कूटर काढत आणि दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे दहा वेळा हलवत. मला ते हलवणं लहानपणापासून आठवतं. मला वाटायचं स्कूटर सुरू करण्याआधी तिला जागी करावी लागते. नंतर एका चुलतभावाने आरएक्स १०० आणली, तिला तेलाची वेगळी टाकी होती आणि तेल आपोआप जायचं, तेव्हा काकांनी ती तुच्छतेने बघितली होती. पण गोम अशी की काकांच्या काळात माप पंपवाल्याच्या हातात होतं. आमच्या ग्रासकटरला ते माप घरी आलं, आणि घरात ते तीन माणसांच्या हातांतून गेलं: मी, गडी, आणि मी मुंबईला गेलो की भाचा.

आता मी कसं करतो ते सांगतो.

पहिली गोष्ट पंपावर. आपल्याला 'दोनशेचं टाका' म्हणायची सवय आहे. दोनशेचं म्हणजे लिटर किती? एकीकडे एकोणीसशे मिली, दुसरीकडे अठराशे ऐंशी, दर बदलला की आणखी काही. मग घरी येऊन 'दोन लिटर असेल' म्हणत तेल घालायचं. मी आता लिटरमध्येच मागतो, बरोबर पाच लिटर, पत्र्याच्या कॅनमध्ये. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपवाले नकार देतात आणि ते बरोबरच आहे. कॅन गाडीवर ठेवून नाही, जमिनीवर ठेवून भरून घ्यायचा.

पाच लिटरला ५०:१ प्रमाणे १०० मिली. हिशेब डोक्यात ठेवायला सोपा: हजाराला प्रमाणाच्या आकड्याने भागा. पन्नासला २०, चाळीसला २५, पंचविसाला ४०. गड्याने हे भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं आहे, फक्त त्याने 'लिटराक' असं लिहिलंय आणि ते मी पुसलेलं नाही.

सिरिंज औषधाच्या दुकानातून, वीस मिलीची, सुई नको म्हणून सांगायचं. दुकानातल्या मुलीने विचारलं, गुरांसाठी का? मी हो म्हणालो, समजावत कोण बसणार. पण सिरिंजला दोन दुखणी आहेत, ती कुणी सांगत नाही. एक, तिच्यावरचे छापलेले आकडे तेला-पेट्रोलाच्या हाताने पंधरा दिवसांत पुसले जातात. दुसरं, आतलं रबर फुगतं आणि दट्ट्या अडकायला लागतो. पेट्रोल लागलं तर लवकर, नुसतं तेल लागलं तरी हळूहळू. पहिली सिरिंज कोरी झाली तेव्हा गड्याने 'अंदाजाने' भरली होती आणि मला पुन्हा झाकणं आठवली. आता नवीन आणली की आधी वीसच्या रेषेवर ब्लेडने खोल खाच पाडतो. खाच पुसली जात नाही. रबर अडकलं की सिरिंज बदलायची, दहा-पंधरा रुपयांचं काम.

कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग तेल, झाकण लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. तेल पेट्रोलापेक्षा जड. रिकाम्या कॅनमध्ये आधी तेल ओतलं तर ते तळाच्या कोपऱ्यात धरून बसतं. मशीनच्या टाकीत आधी पेट्रोल आणि मग वरून तेल, हे तर मुळीच नाही. टाकी एवढीशी, त्यात मिसळणार काय. टू-स्ट्रोकच्या तेलात निळा, हिरवा नाहीतर लाल रंग घातलेला असतो तो यासाठीच, की मिसळलेलं आणि कोरं पेट्रोल डोळ्यांना वेगळं दिसावं. आमचं निळं. काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं तर पावसाळी आभाळातल्या फटीसारखी पुसट निळाई दिसते. ती दिसली नाही तर ते पेट्रोल ग्रासकटरला नाही. एचटीपी पंपाचं कोरं पेट्रोल वेगळ्या कॅनमध्ये, आणि मिश्रणाच्या कॅनच्या मुठीला काकीच्या जुन्या लुगड्याची लाल पट्टी बांधलेली. अक्षरं पुसतात. गडी चष्मा घरी विसरतो. पट्टी हाताला लागते.

आणि हे सगळं चालू असताना बिडी पेटवलेली नसावी. एवढं वाक्य मी गड्याला रोज म्हणतो, तो रोज हो म्हणतो.

सप्टेंबरात पुन्हा एकदा मशीन अडलं. या वेळी माप बरोबर होतं. दोरी मोकळी येत होती, इंजिन सुरू व्हायचं, अडखळायचं, थ्रॉटल दिला की मरायचं. मेस्त्रींकडे जायच्या आधी मी कॅनमधलं थोडं मिश्रण काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी पडवीच्या कठड्यावर ठेवली. दहा मिनिटांत दोन थर झाले. वर निळसर, खाली बोटभर पांढुरका.

कॅन मांगरात होता. झाकण नीट आवळलेलं नव्हतं आणि वरच्या छपराच्या नळ्यांतून पन्हाळीसारखं पाणी ठिबकत होतं. पेट्रोलात पाणी गेलं तर ते तळाला बसतं एवढं मला ठाऊक होतं. पण एवढं पाणी गेलं असेल असं वाटेना. मग लक्षात आलं, आता पंपावर मिळतं ते ई-२० आहे, शंभरात वीस भाग इथेनॉल. इथेनॉलला पाण्याची ओढ जास्त. थोडं पाणी ते पोटात घेऊन गप्प राहतं, पेट्रोल स्वच्छच दिसतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलाला सोडून पाण्याचा हात धरतं आणि दोघं मिळून खाली बसतात.

मी घरी करून बघितलं. उंच काचेच्या नळीत दहाच्या खुणेपर्यंत पाणी, वर शंभरपर्यंत कोरं पेट्रोल, तोंड दाबून जोरात हलवलं आणि ठेवलं. स्थिर झालं तेव्हा खालचा थर दहाचा पंचविसाच्या वर गेला होता. वाढलं ते इथेनॉल. मग मिसळलेल्या पेट्रोलावर तेच केलं. निळा रंग वर राहिला. खालच्या थरात निळं जवळपास काहीच नाही.

भीती नेमकी इथे आहे. तेल पेट्रोलाबरोबर वर राहतं आणि ग्रासकटरच्या टाकीतला शोषनळीचा फिल्टर वजनाने तळाशी पडलेला असतो. म्हणजे इंजिन आधी खालचा, बिनतेलाचा थर ओढणार. माप अचूक, सिरिंजला खाच पाडलेली, तेल एफडी, आणि तरी पिस्टनला मिळालं पाणी आणि इथेनॉल. आमचं इंजिन वाचलं, कारण ते त्या थरावर धड चाललंच नाही. हट्टाने चोक ओढून चालवलं असतं तर काय झालं असतं ते मला मेस्त्रींच्या बॅटरीच्या उजेडात आधीच दिसलेलं होतं.

तेव्हापासून पावसाळ्यात पाच लिटर मिसळत नाही. दोन लिटर, आठवड्याभरात संपेल एवढंच. महिन्यापेक्षा जुनं मिश्रण वापरत नाही, आणि आपल्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत महिनासुद्धा जास्तच वाटतो. कॅन मांगरातून पडवीत आला, वर पोतं. टाकीत घालायच्या आधी पुन्हा एकदा हलवायचा, मग बरणीत थोडं ओतून उजेडात बघायचं. काकी म्हणते, देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं करतोस.

कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा आणि पेट्रोलच्या नळ्याही पडून राहिलेल्या पेट्रोलाने कडक होतात. म्हणून ऑक्टोबरात शेवटची कापणी झाली की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. मोहोर यायच्या दिवसांत ग्रासकटर खुंटीला. पुन्हा डिसेंबर-जानेवारीत वणव्याच्या भीतीने गडग्याकडेने पट्टा मारायला तो निघतो, तेव्हा ताजं मिश्रण.

गेल्या आठवड्यात शेजारच्या बागवाल्याचा मुलगा आला, रिकामी बाटली घेऊन. त्यांचं पेट्रोल संपलं होतं आणि पंप लांब. "दादा, मिक्स केलेलं लिटरभर देशील?" मी कॅन उचलला आणि मग ठेवला. विचारलं, तुमच्या मशीनच्या झाकणावर काय लिहिलंय? त्याला माहीत नव्हतं. फोन लावला. त्याच्या बाबांनी चष्मा शोधला, मशीन उजेडात नेलं, मातीने भरलेलं झाकण पुसलं.

पंचवीसला एक.

मी त्याला लिटरभर मिश्रण दिलं आणि त्यात आणखी वीस मिली घातलं, खाचेपर्यंत. त्याने बाटलीचं झाकण लावलं आणि सायकलवर बसण्याआधी ती दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवायला लागला.